आई म्हणते, सगळे बेसूर गातात

रविवारचा_चहा:

धागा आरोग्यात काढावा की संगीतात, यावर दोन दिवस घालवले. शेवटी इथे काढतेय. ॲडमिन, हवा तर हलवा.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आईला फोनवर भीमसेन जोशींचा शुद्ध कल्याण राग लावून दिला. हे तिचं चाळीस वर्षांचं दैवत. कॅसेट झिजली तेव्हा दुसरी आणली, तीही झिजली तेव्हा सीडी. पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर. यांचा पंचम, प, लागत नाहीये."

मला वाटलं चेष्टा करतेय. तोंडाकडे बघितलं तर चांगलीच वैतागलेली.

त्यानंतर रेडिओही बंद झाला. सकाळी उठल्या उठल्या विविध भारती लावणारी बाई आता शांतपणे भाजी निवडत बसते. विचारलं तर एकच उत्तर, "सगळे बेसूर गातात हल्ली." आई ७७ वर्षांची आहे. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, दूधवाल्याचा हिशेब तोंडी. दोन वर्षांपासून दोन्ही कानांना यंत्र आहे. भाऊ म्हणतो डिप्रेशन, वहिनी म्हणते विसरभोळेपणाची सुरुवात असेल, शेजारच्या काकू म्हणतात वय.

जरा मागचं सांगते, कारण आईचं गाणं 'सुटण्याची' ही पहिली वेळ नाही.

आई मिरजेची. सतारमेकरांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर माहेर. शाळेतून येताना दारात उभं राहून कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून तिच्याखालची घोडी घासताना, बघायची. तो घोडी जराशी घासणार, तार छेडणार, कान लावणार, पुन्हा घासणार. घरी पोचायला उशीर झाला की मार. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली गाणं ऐकायला वडिलांच्या मांडीवर बसून जायची. गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, विशारदचा फॉर्म भरला आणि १९६९ साली लग्न होऊन डोंबिवलीला आली. बरोबर तानपुरा. तेव्हा मिरजेची गाडी मीटरगेज, पुण्याला उतरून गाडी बदलायची. नवी नवरी, शालू, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेला तानपुरा. डब्यातल्या एका बाईने बाळाचं वय विचारलं होतं म्हणे.

डोंबिवलीत दोन खोल्या आणि सात माणसं. आजोबा कारखान्यात रात्रपाळीला, म्हणजे दिवसा घरात आवाज बंद. आम्ही भावंडं कुजबुजतच मोठी झालो. तानपुरा कपाटावर गेला. लहानपणी मला ते गाठोडं म्हणजे वर कोणीतरी झोपलंय असंच वाटायचं. दुपारी बाराला नळाला पाणी यायचं, तेवढा एक तास आई मोरीत नळ सोडून गायची. बादली भरली की पाणी बंद, गाणं बंद. आत्या लोकांना सांगायची, "वहिनीला आता गाण्याची आवड राहिली नाही."

१९८४ मध्ये आजोबा गेले आणि आई शिकवण्या घ्यायला लागली. आठवड्यातून चार दिवस, बाहेरच्या खोलीत पंधरा पोरं, प्रारंभिक आणि प्रवेशिका या पहिल्या परीक्षांची. भूप आणि दुर्गा हे राग इतके ऐकलेत की मला आजही त्या आरोहांनी भूक लागते, कारण क्लास संपला की जेवण असायचं. आमची समजूत, आईचं गाणं परत आलं. परवा-परवा सहज बोलता बोलता म्हणाली, "छे गं. त्या अकरा वर्षांत एक दिवस गायले नाही. शिकवलं. तुमच्या दोघांच्या फिया होत्या."

भावाची फी संपली त्या वर्षी क्लास बंद! आम्हाला वाटलं थकली. ती मात्र मैत्रिणीबरोबर पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायला लागली. शाल, थर्मास, मेथीचे ठेपले, रमणबागेच्या मैदानात सतरंजीवर रात्रभर. पुढे ध्वनिक्षेपकाचे नियम आले आणि रात्रीच्या मैफली दहाला आवरायला लागल्या तेव्हा हळहळली. "आता मध्यरात्रीनंतरचे राग माणसानं कुठे ऐकायचे?" हे वाक्य पुढची दहा वर्षं दर डिसेंबरात ऐकलंय. सत्तरीत फोनवर तानपुऱ्याचं ॲप टाकून दिलं तर लहान मुलीसारखी खूष. स्वयंपाक करताना ओट्यावर ते चालू आणि ही चपात्या लाटत खर्ज, खालचा सा, लावतेय.

आणि आता हे. कोणाला असा अनुभव आहे का? डॉक्टर कुठला गाठू?

टपरीवरचा:

वय झालं की नको वाटतं हो. आमच्या पिताश्रींनी पंच्याहत्तरीनंतर आधी पेपर सोडला, मग टीव्ही, मग आम्हाला. तुम्ही उगाच कारणं शोधताय. शांतपणे भाजी निवडणारी आई मिळणं भाग्य समजा. (हलके घ्या)

रविवारचा_चहा:

हलकेच घेतलं. पण नको वाटणं वेगळं आणि बेसूर वाटणं वेगळं. नको असतं तर तिने माझ्याकडून बंद करून घेतलं नसतं, उठून आत गेली असती.

ढब्बू_मिरची:

तुमची आई गाणं सोडतेय म्हणून तुम्ही काळजीत, माझे बाबा गाणं धरून बसलेत म्हणून मी. आयुष्यभर बँकेत. घरी कोणी गुणगुणलं तरी "व्हाउचर चुकेल" म्हणायचे, घरी कसलं आलंय व्हाउचर? रिटायर झाले आणि कोणीतरी कराओकेच्या ग्रुपात नेलं. आता ब्लूटूथ माईक, त्यात एको, छाती फुगवून रोज सकाळी साडेदहा ते साडेबारा. एकोचं बटण कायम शेवटपर्यंत फिरवलेलं. त्यांचं म्हणणं, त्याने "भारदस्तपणा येतो". गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगला विषयपत्रिकेवर पार्किंगच्या खाली बाबा होते.

पण एक सांगते. आई गेल्यावर वर्षभर ते जेवणापुरतं बोलायचे. आता बुधवारी ग्रुपात गायचं गाणं सोमवारपासून वहीत लिहून काढतात, श्वास घ्यायच्या जागी लाल टिंब. व्हाउचरच्याच अक्षरात. त्यामुळे मी मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने भांडले, घरी येऊन एको कमी करा म्हणून त्यांच्याशी भांडले.

बे_एके_बे:

पार्किंगच्या खाली बाबा :) +१

बे_एके_बे:

दोनदा पडला. प्रतिसाद काढून टाकला आहे.

जुना_व्हॉल्व्ह:

थोडं अवांतर. आमचे वडील केसकरांचे भक्त. नव्या लोकांसाठी: बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. हार्मोनियमला तर त्यांच्याही आधी, १९४० पासून, रेडिओवर बंदी होती, ती पुढे तीसेक वर्षं टिकली. लोक गेले रेडिओ सिलोनकडे, दर बुधवारी अमीन सयानींची सिनेगीतांची गीतमाला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली.

वडिलांनी हा सगळा कार्यक्रम घरात राबवला. घरात फक्त शास्त्रीय, बातम्या, आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावर चाललेलं गीतरामायण. छप्पन्नच्या छप्पन्न गाण्यांना हात जोडून बसवलेलं आहे. सिनेमाचं गाणं म्हणजे छचोरपणा. फक्त बुधवारी संध्याकाळी ते 'पाय मोकळे करायला' जायचे. मी बारा वर्षांचा असताना आईने काहीतरी निरोप देऊन त्यांच्या मागे पाठवलं, तर वडील कोपऱ्यावरच्या इराण्याकडे, पुढ्यात गार झालेला चहा, बोटांनी टेबलावर ठेका. मला बघितलं. एक मस्कापाव मागवला आणि म्हणाले, "घरी सांगायचं नाही." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. ते जाऊन एकवीस वर्षं झाली.

ऐंशीनंतर मात्र उघड ऐकायचे. पण मजा गेली होती बहुतेक, निम्म्यातच झोपायचे.

नाव_सुचेना:

धागाकर्ती, राग मानू नका. त्या पंधरा पोरांतली मी नाही, पण अशाच एका बाहेरच्या खोलीतली आहे. आमच्या बाईंना शिकवायला आवडत नाही हे आम्हाला कळायचं. मुलांना कळतं. क्रियात्मकला किती, शास्त्रात किती, एवढंच. मी दुर्गा आजही ऐकत नाही. तुमच्या आईचं वाक्य वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की बाईंच्याही घरी फिया असतील. एवढंच.

रविवारचा_चहा:

@नाव_सुचेना, राग नाही. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "बरोबर आहे तिचं." मग जरा वेळाने, "दुर्गा वाईट नाही म्हणावं, फक्त परीक्षेत घालू नये."

ऐकू_येतंय_का:

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, बारा वर्षं हेच काम. न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या वर्णनातल्या काही गोष्टी ओळखीच्या आहेत.

आधी यंत्र. ते बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं. वयाने आधी उंच आवाज जातात, म्हणून स, श, फ, ख निसटतात आणि माणूस म्हणतो, "ऐकू येतंय पण कळत नाही." यंत्र नेमकं तेवढं उचलून देतं. शिवाय पंखा, एसी असे एकसारखे चालणारे आवाज दाबायचं कामही त्याला दिलेलं असतं. आता सांगा, गाण्यात न थांबता एकसारखं काय चालू असतं? तानपुरा. यंत्राच्या लेखी तो पंखाच. त्यात गायकाने एखाद्या स्वरावर लांब मुक्काम केला की यंत्राला वाटतं ही आपलीच शिट्टी (यंत्राचा आवाज फिरून यंत्रातच शिरला की वाजते ती). ती मारायला ते उलटा आवाज सोडतं, आणि स्वर थरथरतो किंवा शेजारी दुसराच स्वर वाजल्यासारखा होतो. काही यंत्रांत उंच आवाज खाली ओढून ऐकवायची सोय असते. बोलण्यासाठी कामाची, पण तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार, म्हणजे कोणी न वाजवता आपोआप उमटणारा ग, निघतो तो तिथे जागेवर राहीलच असं नाही. ज्याला गाण्याचं फारसं कळत नाही त्याला काही फरक पडत नाही. तुमच्या आईला पडणारच.

दुसरी शक्यता खुद्द कानाची. दोन्ही कानांची झीज सारखी नसेल तर एकच स्वर एका कानात जरा चढा आणि दुसऱ्यात जरा उतरलेला ऐकू येऊ शकतो. याला डिप्लॅक्युसिस म्हणतात. पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. तयार कानाच्या माणसाचे मात्र हाल.

घरी एवढं करून बघा. दोन्ही यंत्रं काढा. पेटीवर एकच स्वर धरा. एक कान बंद करून आईंना तो गुणगुणायला सांगा, मग दुसरा. खालच्या सप्तकात आणि वरच्या सप्तकात, दोन्हीकडे. हे निदान नव्हे, पण दिशा कळेल. एका कानात अचानक फरक पडला असेल, चक्कर येत असेल, तर हे सगळं सोडून आधी ईएनटीकडे. आणि हो, कानात मळ आहे का ते बघून घ्या. हसू नका.

यंत्रवाल्यांना सांगून गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घेता येतो. त्यात गोंगाट आणि शिट्टी दाबणं बंद किंवा अगदी कमी करतात. पण तुम्ही मागितल्याशिवाय सहसा कोणी विचारत नाही.

मिरजेचा_टांगा:

धाग्यात मिरज दिसली म्हणून आलो. आमची पिढीजात गल्ली. दर्ग्यातली चिंच वाचून बरं वाटलं.

मला यंत्रातलं कळत नाही, पण तो कपाटावरचा तानपुरा अजून आहे का? बायकी तानपुरा असेल, १९६९ च्या आधीचा, म्हणजे भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आणि दांडी तुणीच्या लाकडाची. गोधडीत राहिलाय म्हणजे तडा नसेल तर जिवंत आहे. फोनमधला तानपुरा कानातूनच ऐकावा लागतो. खरा तानपुरा मांडीला, गालाला, दंडाला लागतो. आमच्याकडे एक म्हातारे गवई यायचे, कान पार गेलेले. दांडीला कानशील टेकवून जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, लावायचे आणि बिनचूक लावायचे.

पन्नास वर्षांत जवारी बसली असणार. ती काढावी लागेल. आणि आता २०२४ पासून आपल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दुसरीकडे कुठे नेऊ नका :)

टपरीवरचा:

मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. वाचनखूण साठवली. आमच्या पिताश्रींनी पेपर का सोडला होता ते आत्ता डोक्यात आलं. मोतीबिंदू निघाला होता, पण तो पुढे दोन वर्षांनी.

रविवारचा_चहा:

अपडेट. उशीर झाला, माफ करा.

रविवारी पेटी माळ्यावरून काढली. भाता जरा फाटलाय, पण एक स्वर धरता येतो. आईची पट्टी काळी पाच. यंत्रं काढून टेबलावर ठेवली, उजवा कान बोटाने बंद, गुणगुणली. मग डावा बंद. माझा कान दगड, मला काहीच फरक कळेना, म्हणून फोनवर ट्यूनर लावला होता. पेटीचा स्वर तोच, आणि सुई दोन वेळा दोन जागी. वर जावं तसं अंतर वाढत गेलं. खाली, खर्जाकडे, दोन्ही कान एकच सांगत होते. पाच वेळा करून बघितलं. पाचव्या वेळी आईच म्हणाली, "पुरे, कळलं."

मला वाटलं आता रडेल. तिने भाता मिटला, अडकवणी लावली आणि म्हणाली, "म्हणजे ते सुरातच होते. चाळीस वर्षं ऐकलेल्या माणसावर संशय घेतला गं मी."

नंतर ईएनटी झाला (मळ होता, हसले नाही), नवा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाला. उजवा कान डाव्यापेक्षा बराच उतरलाय. यंत्र घेतलं तिथे गेलो. गाण्याचं आधी का नाही विचारलंत असं म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "आजींनी फॉर्मवर टीव्ही आणि फोन एवढंच लिहिलंय." फॉर्म मीच भरला होता. छंद असा रकानाही होता. त्यात मी 'वाचन' लिहून आले होते!

आता वेगळा प्रोग्रॅम बसवलाय. जादू वगैरे काही नाही. तबला चांगला लागतो, बासरी अजून तिला सहन होत नाही, बायकांचे आवाज वरच्या सप्तकात गेले की उजवं यंत्र काढून ठेवते. शुद्ध कल्याण अजून लावलेला नाही. लावू का विचारलं तर "आज नको" म्हणते. मी आग्रह करत नाही.

आणि काल कपाटावरून ते गाठोडं उतरवलं. गोधडी आजीची, आत सहा-सात कापराच्या वड्यांचे नुसते कागद. भोपळा शाबूत. दोन तारा गेल्या आहेत, एक मणी हरवलाय, खुंट्या फिरेनात. खर्जाची तार शाबूत होती. आईने ती छेडली आणि दांडीला गाल लावून बसली. किती वेळ ते बघितलं नाही, मी कुकर बंद करायला गेले.

@मिरजेचा_टांगा, घेऊन येऊ म्हणतो. गर्दी नसलेला महिना कुठला?

मिरजेचा_टांगा:

कधीही या. राहायचीही सोय होईल, माहेरच आहे. फक्त नेताना काळजी घ्या. तारा सैल करा, घोडी काढून वेगळी बांधा, भोपळ्याला जाड गोधडी, आणि गाडीत खाली ठेवू नका.

रविवारचा_चहा:

आईला वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं टाकतेय:

"त्यांना म्हणावं, मला शिकवू नका. मीटरगेजमधून मीच आणलाय. आणि जवारी काढताना मी दारात उभी राहणार, आता घरी मारायला कोणी नाही."